हॅलोकाकांचा डावा खांदा

हॅलोकाकांना खांदे दोनच होते, पण ते एकाच माणसाचे आहेत असं वाटायचं नाही. उजवा खांदा शहाण्या मुलासारखा आपल्या जागी बसलेला असायचा. डावा मात्र वर चढून कानाजवळ जाऊन टेकलेला, आणि डोकं त्याच्याकडे झुकलेलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, खांदा कुणाची तरी चहाडी सांगतोय आणि डोकं मन लावून ती ऐकतंय. शिंपी त्यांचा सदरा शिवताना डाव्या बाजूला बोटभर कापड जास्त सोडायचा आणि वर म्हणायचा, "काका, तुमच्या सदऱ्यात मी दोन माणसांची मापं घेतो, शिलाई मात्र एकाचीच."

याला कारण काका जिथे नोकरी करायचे ते दुकान. यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान, जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर आत काय आहे ते दाखवायला एकेक नट, बोल्ट, कडी तारेने बांधलेली. गल्ल्याशेजारी काळाकभिन्न फोन. पलीकडून कुणी तरी कारखानदार ओरडत असायचा, "अहो तो नाही का, ज्याला खालून खाच असते, तो!" आणि काका दोन्ही हात दोन खणांत घालून, रिसीव्हर डाव्या खांद्यात आणि कानात चिमटून, "हॅलो, हां, बोला, खाच आडवी की उभी?" असं विचारत असायचे. रिसीव्हर हातात धरला तर माल कुणी काढायचा? उभा जन्म असा गेला. फोन ठेवला तरी खांदा खाली यायचं विसरून गेला.

काकूंचं म्हणणं मात्र वेगळं. त्यांच्या मते या प्रकाराची सुरुवात गावच्या शाळेतच झाली असणार. तिथले मास्तर म्हणे चुकलं की डावा कान धरून वर उचलायचे, आणि काका चुकण्यात पहिल्या नंबरात होते. कान वर गेला की तो सोडवायला खांदा त्याच्यामागे धावायचा. काकांनाही हे पटत असे. "कान गेला वर, खांदा गेला वर," ते म्हणायचे, "फक्त नंबर तेवढा वर गेला नाही."

दुकानाच्या मालकाचा मुलगा कारभार बघू लागला आणि मागण्या मोबाइलवर येऊ लागल्या. लोक हव्या त्या भागाचा फोटोच पाठवायचे. खाच आडवी की उभी हे विचारायची गरज उरली नाही, म्हणजे पर्यायाने काकांचीही. निरोपाच्या दिवशी मालकाच्या मुलाने तो काळा फोन वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "काका, हा तुमच्याशिवाय कुणाच्या खांद्यावर शोभणार?"

मग काका घरी राहू लागले. घरी राहणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचं दुकान करायला घेतलं. प्रत्येक डब्यावर आतल्या डाळीचा एकेक दाणा गुळाच्या पाण्याने चिकटवला, म्हणजे झाकण न उघडता कळावं. कळलं ते मुंग्यांना. डबे धुऊन झाल्यावर काकू पदराला हात पुसत एवढंच म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठे तरी जा."

"कुठे जाऊ?"

"कुठेही. जिथे मुंग्या नाहीत तिथे."

अशात एक दिवस बोलावणं आलं ते चित्रशाळेतून. तिथले मूर्तिकलेचे सर दुकानाचे जुने गिऱ्हाईक. मातीचं काम ज्या फिरत्या तिवयांवर, म्हणजे घोड्यांवर, करतात, त्यांच्या बेअरिंगा ते काकांकडूनच न्यायचे. सरांचे केस असे उभे आणि वेटोळे, की काकांनी मनातल्या मनात त्यांचं नाव स्प्रिंग सर ठेवलं होतं. काकांची ही सवयच. माणूस दिसला की तो कुठल्या खणात बसेल ते आधी ठरवायचं. चित्रशाळेच्या फाटकावरचा रखवालदार म्हणजे गंजका बोल्ट. काकूंचंही एक नाव होतं, हँडब्रेक, पण ते अजून बाहेर फुटलेलं नव्हतं, म्हणून तर काका सुखरूप होते.

काकांना वाटलं, कोठार सांभाळायला बोलावलं असेल. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. सर त्यांच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "काका, आम्हाला तुमचा खांदा हवाय."

"किती दिवसांसाठी?" काकांच्या तोंडून गेलं.

"सगळं सत्र. तुम्ही नुसतं बसायचं. मुलं तुमचा पुतळा करतील, छातीपर्यंतचा. वार्षिक परीक्षेचं काम आहे. अहो, असा माणूस मिळत नाही. तुम्ही सतत कुणाचं तरी मन लावून ऐकत असल्यासारखे दिसता."

हे घरी सांगितल्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "ऐकत असल्यासारखे! लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाहीत, आणि आता त्याचाच पुतळा होणार!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण नुसतं बसायचंय म्हणता? मग तुमच्याएवढा अनुभवी माणूस त्यांना खरंच मिळाला नसता."

काकांनाही तसंच वाटलं होतं. बसणं हे काय काम आहे? पहिल्या दिवशी ते लाकडी चौथऱ्यावरच्या खुर्चीत राजासारखे बसले. उत्तरेच्या उंच खिडकीतून उजेड येत होता, ओल्या मातीचा आणि भिजल्या गोणपाटाचा वास होता, आणि समोर अर्धवर्तुळात पोरं-पोरी त्यांच्याकडे एकटक बघत होती. उभ्या आयुष्यात काकांकडे इतक्या बारकाईने फक्त एकदा बघितलं गेलं होतं, ते सासरच्या मंडळींनी, आणि तेही इतक्या समाधानाने नव्हे.

थोड्या वेळाने डावा खांदा बोलू लागला. दुकानात तो कधी बोलला नव्हता, कारण तिथे माणूस सतत शिडीवर चढत-उतरत होता. इथे हलायचं नाही. आधी मानेच्या बुडाशी मुंगी चालल्यासारखं वाटलं. मग मुंगीने मुंगळे बोलावले. मग कुणी तरी मानेतला स्क्रू आवळतंय असं वाटू लागलं, आणि आवळणारा माणूस तापट होता. नाक खाजायला लागलं ते वेगळंच. मधली सुट्टी झाली तेव्हा काका खुर्चीतून उठले ते खुर्चीच्याच आकारात.

पोरं चहाला पळाली. एक मुलगी मागे राहिली. अंगाने पातळ, गोल चेहऱ्याची, कमी बोलणारी. काकांनी तिला सकाळीच खण दिला होता, वॉशरचा. नट आणि बोल्ट यांच्यामध्ये जी पातळ चकती बसते, ती. कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण ती नसली की सगळं खिळखिळं.

"काका, खांदा धरलाय?"

"खांद्याने मला धरलंय."

ती हसली. हाताची माती फडक्याला पुसत जवळ आली, पण काकांना हात न लावता तिने स्वतःच्याच खांद्यावर दाखवायला सुरुवात केली. चित्रशाळेत या मुलांना माणसाच्या अंगातला एकेक स्नायू शिकवलेला होता. "हे बघा, मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत हा जाड पट्टा येतो. उजव्या हाताने तो चिमटीत धरा. चार बोटं मागे, अंगठा पुढे. हाडावर नाही, मांसावर. आता दाबा आणि थांबा."

काकांनी गंजलेला नट उघडावा तसा जोर लावला आणि स्वतःच ओरडले.

"जोर नाही हो काका! मातीला जोर लावला की ती पळते. धरून थांबलं की आपणहून येते. श्वास सोडा. हं. सुटतंय का आतून?"

आतून खरंच काही तरी सुटलं. अगदी हळू, हट्टी गिऱ्हाईक भाव मान्य करतं तसं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने दोन्ही अंगठे कवटीच्या बुडाशी, मान जिथे डोक्याला भेटते तिथे, हळूहळू गोल फिरवायला शिकवलं. पाठीच्या फऱ्याखालची जागा हाताला पोचत नव्हती, त्यासाठी तिने पिशवीतून एक जुना टेनिसचा चेंडू काढून दिला. तो पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरायचा आणि गुडघे किंचित वाकवत वर-खाली व्हायचं.

त्या दिवसापासून काका बिघडले. म्हणजे खांद्याच्या हिशेबाने सुधारले, पण माणूस म्हणून बिघडले. प्रत्येक मधल्या सुट्टीत ते वर्गातल्या खांबाला पाठ लावून चेंडू घोळवू लागले. खांबाचा चुना त्यांच्या सदऱ्यावर आणि त्यांच्या सदऱ्याचा रंग खांबावर. बसमध्ये ते छत्रीची वाकडी मूठ खांद्यावरून मागे टाकून फऱ्याखालची गाठ ओढायचे. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, "काही अडकलंय का पाठीत?" काका म्हणाले, "हो, अख्खं दुकान." घरी दाराच्या चौकटीला पाठ घासताना काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हैस बांधली असती तर दूध तरी मिळालं असतं."

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. नवीन विद्या मिळालेला माणूस गप्प बसत नाही. त्यांनी फाटकावरच्या गंजक्या बोल्टाला मान कशी दाबायची ते शिकवलं, कारकुनाला बोटांच्या बुडाशी अंगठा फिरवायला लावला. एकदा स्प्रिंग सरांनाही "सर, तुमचा उजवा खांदा काही खरा नाही" असं सांगून बसले. सरांच्या हातात तेव्हा लाकडी कोरणी आणि कोरणीखाली कुणाच्या तरी पुतळ्याचं नाक होतं, म्हणून ते नुसतं "हं" म्हणाले.

सुट्टीत वॉशर काकांजवळ बसून पोळीचा घास खायची आणि अधूनमधून बोलायची. तिच्या वडिलांचं गावी भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. यंदा पास झाली तर पुढे शिकायचं, नाही तर घरी येऊन दुकानात बसायचं. "वाईट नाहीत हो बाबा," ती म्हणायची. "त्यांना वाटतं, चेहरे करून काय होतं? कढई केली तर निदान काही शिजतं तरी."

"आणि माझा चेहरा करून तर काहीच शिजणार नाही," काका म्हणाले.

पण तिच्या कामासमोर ते चहा विसरून उभे राहायचे. बाकीच्या पोरांनी काकांचा खांदा थोडा वर दाखवला होता, सभ्यपणे, पाहुण्याचं व्यंग दाखवावं तितपत. वॉशरने काही झाकलं नव्हतं. तिच्या मातीतला खांदा थेट कानाकडे निघाला होता, मानेची शीर ताणलेली होती, डोकं त्यावर ओठंगलेलं होतं, आणि त्या एका चढावातून सगळा चेहरा उगवला होता. तो मातीचा माणूस खरोखर कुणाचं तरी ऐकत होता. काकांना बघून थोडी लाजच वाटायची. इतकं आपण कुणाचं ऐकलंय कधी?

बदल पहिल्यांदा कळला तो काकूंना. एका सकाळी काका निघाले तेव्हा त्या दारात उभ्या राहून बघू लागल्या.

"अहो, सदरा असा का लोंबतोय डावीकडे?"

"धुण्यात सैल झाला असेल."

"सगळेच?"

खरंच, शिंप्याने सोडलेलं ते बोटभर कापड डाव्या खांद्यावर रिकाम्या पिशवीसारखं पडलं होतं. काकांनी आरशात पाहिलं. दोन्ही खांदे एका रांगेत! मान सरळ! काकांना आपण लग्नाच्या फोटोपेक्षाही तरुण दिसतोय असं वाटलं, आणि तो दिवस त्यांनी रस्त्यातल्या प्रत्येक काचेत स्वतःला बघत काढला.

वर्गात मात्र गडबड सुरू झाली होती. एक मुलगा म्हणाला, माझी उजवीकडची माती बसली वाटतं, डावा खांदा वर दिसतोय. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याने घोड्याला दोष दिला, घोडा एका बाजूला कललाय म्हणे, बेअरिंग गेली असणार. काकांच्या मानाला धक्का लागला. ते चौथऱ्यावरून उतरले, घोडा फिरवून, खाली वाकून कान लावून म्हणाले, "आमच्या दुकानाची बेअरिंग आहे. माती बसेल, घर बसेल, ही बसणार नाही."

शेवटी सरांनी ओळंबा आणला. दोऱ्याला वजन बांधलेला, गवंडी भिंत सरळ आहे का बघतात तो. त्यांनी तो आधी एका पुतळ्यासमोर धरला, मग दुसऱ्या, मग सावकाश काकांसमोर. दोरा स्थिर झाला.

"काका," सर म्हणाले, "तुम्ही सरळ झालात."

आयुष्यात काका पहिल्यांदाच सुधारले होते, आणि सगळा वर्ग त्यांच्याकडे गुन्हेगारासारखा बघत होता.

"कुणी केलं हे?" सरांनी विचारलं. काकांनी खिशातला चेंडू मुठीत दाबून धरला आणि म्हणाले, "मीच. मला वाटलं, बरं वाटेल." वॉशर मात्र सरळ उभी राहिली. "सर, मी शिकवलं त्यांना." तिच्या चेहऱ्याकडे बघून सरही रागवायचं विसरले. मान त्यांनी हलवली, आणि हलवताना त्यांची मान कटकन वाजली. कुणी हसलं नाही.

परीक्षा तोंडावर आली होती. बाहेरच्या परीक्षक बाई येणार, काकांना समोर बसवून एकेक काम ताडून बघणार. बाकीच्यांनी तारेने खांद्याची माती कापली, खांदा खाली आणला, मान थोडी उभी केली. जमून गेलं. वॉशरनेही एक पातळ काप काढला आणि थांबली. खालून लोखंडी सळई दिसू लागली होती. पुतळ्याच्या आतला सांगाडाच तिने त्या चढावर वळवला होता. खांदा उतरवायचा तर पुतळा मोडून नव्याने उभा करावा लागला असता, आणि तेवढे दिवस उरलेले नव्हते. तिने कापलेली माती पुन्हा जागेवर लावली आणि अंगठ्याने सारखी केली.

"आता गं?" काकांनी विचारलं.

"आता काही नाही. मी पाहिलं ते तसंच होतं. बघतील ते बघतील." मग ती हसून म्हणाली, "तुमचं दुखणं तरी गेलं ना काका?"

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या दिवशी बसमध्ये त्यांनी छत्रीला हात लावला नाही.

घरी आल्याबरोबर त्यांनी माळ्यावरून तो काळा फोन काढला. वर्तमानपत्र फाडलं, रिसीव्हर डाव्या खांद्यात चिमटला आणि तसेच घरभर फिरू लागले. तुटकी वायर मागे लोंबतेय, दोन्ही हातांनी भाजी निवडताहेत, मान वाकडी. काकूंनी क्षणभर बघितलं.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही. खांदा वर चढवतोय."

"इतके दिवस उतरवत होतात ना?"

काकांनी सगळं सांगितलं. भांड्यांचं दुकान, सळई, ओळंबा, सगळं. काकू भाजीची परडी मांडीवर घेऊन समोर बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, फोनवर आहातच, तर ऐका. हॅलो. गॅस संपत आलाय. हॅलो, तुमच्या बहिणीकडे जायचं राहिलंय, ती रुसलीय. हॅलो, मागच्या खोलीची कडी निखळलीय, आणि घरात सुट्या भागांचा एवढा मोठा तज्ज्ञ बसलाय."

"हां, बोला," काका सवयीने म्हणाले. "कडी आडवी की उभी?"

काकांनी काय काय केलं नाही! उशी काढून टाकून झोपले. डाव्या हातात पाण्याची बादली धरून अंगणात फेऱ्या मारल्या. फोन तर जेवताना सुद्धा खांद्यावर. पण खांदा आता शहाणा झाला होता. रिसीव्हर काढला की तो हळूच खाली यायचा. त्याहून वाईट म्हणजे उजवा हात. काकांचं लक्ष नसलं की तो आपोआप डाव्या खांद्यावर जायचा, चार बोटं मागे, अंगठा पुढे, आणि प्रेमाने दाबू लागायचा. काकूंनी लाटण्याने दोनदा त्या हातावर टोला दिला. "दुखणं आणायला सुद्धा अक्कल लागते," काका हात चोळत म्हणाले. "बरं व्हायला मात्र नुसता एक चेंडू पुरला."

परीक्षेच्या दिवशी ते चौथऱ्यावर बसले ते सरळच्या सरळ, पासपोर्टाच्या फोटोसाठी बसावं तसे. समोर रांगेत सगळे पुतळे, सगळ्यांचे खांदे शिस्तीत उतरलेले, आणि टोकाला, खिडकीजवळ, वॉशरचा तो ऐकणारा माणूस. काकांनी जोर करून खांदा वर उचलला. तो इतका विचित्र दिसला की सर दातओठ खात कुजबुजले, "काका, नाटक नको! 'मला काय माहीत' असं म्हणताय असं वाटतंय." काकांनी तो खाली सोडला.

परीक्षक बाई आल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं अगदी हळू. काकांनी त्यांना कुठल्या खणात टाकावं ते ठरवायचा प्रयत्न केला, पण आज डोकं चालेना. बाई एकेका कामापाशी थांबत, चष्मा लावत, काकांकडे बघत, चष्मा काढत, मुलाला दोन प्रश्न विचारत आणि पुढे जात. सगळं जुळत होतं. सर खुशीत येऊ लागले.

मग त्या टोकाला गेल्या. वॉशरसमोर उभ्या राहिल्या. काकांकडे त्यांची पाठ होती. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं आणि काही तरी विचारलं. वॉशरने खाली मान घालून काही तरी सांगितलं.

काय विचारलं? काय सांगितलं? काकांना एक अक्षर ऐकू येईना. उठायचं नाही, वळायचं नाही, हलायचं नाही, हा चौथऱ्याचा नियम. बाई पुन्हा काही तरी म्हणाल्या. 'चूक' असं म्हणाल्या का? 'चुकलंय' म्हणाल्या का? की ती पोरगीच म्हणाली? काकांचा जीव सगळा डाव्या कानात गोळा झाला. नापास झाली तर उद्या गाडीत बसेल, परवा गल्ल्यावर. आणि हे सगळं का, तर एका म्हाताऱ्याला पाठ खाजवायची हौस! बोल ना पोरी, जरा मोठ्याने बोल. सांग त्यांना, हा माणूस सुधारला, यात माझी काय चूक?

बाई वळल्या. काकांकडे बघितलं. चष्मा लावला. पुन्हा पुतळ्याकडे, पुन्हा काकांकडे. वर्गातली सगळी पोरं आता काकांकडेच बघायला लागली होती, आणि स्प्रिंग सरांचे केस आणखीच उभे राहिल्यासारखे दिसत होते.

डावा खांदा कानाजवळ जाऊन बसला होता. मानेची शीर ताणलेली, डोकं त्याच्यावर ओठंगलेलं. काकांना त्याचा पत्ता नव्हता. ते ऐकत होते.

"बाळ," बाई वॉशरला म्हणाल्या, आणि या वेळी काकांना ऐकू आलं, कारण त्या त्यांच्याकडेच बघून बोलत होत्या, "बाकी सगळ्यांनी बसलेला माणूस केलाय. तू हा केलास." मग चौथऱ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही इतकं काय ऐकत होतात हो?"

काका गडबडले. "तुमचंच," ते म्हणाले. "पण काही कळलं नाही."

बाई हसल्या. कागदावर काय लिहिलं ते कुणाला दिसलं नाही, पण दाराबाहेर पडताना त्यांनी तो सरांना दाखवला, आणि स्प्रिंग सर वॉशरजवळ गेले, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "कळव घरी, कढया दुसऱ्या कुणाला तरी विकायला सांग." वॉशर मातीच्याच हातांनी तोंड झाकून खाली बसली, आणि हात काढला तेव्हा तिच्या गालांवर चार-चार बोटं उमटली होती.

एकच मुलगा नाराज होता. "काका, माझा पुतळा बघून झाल्यावरच खांदा वर करायचा होता, तर मी माझा कापलाच कशाला?"

"अरे, मी केला नाही," काका म्हणाले. "तो गेला. मला विचारून कधी गेलाय?"

मग दुखणं आलं. आलं ते जोरात, थकबाकीसकट, मानेपासून फऱ्यापर्यंत. काका खांबापाशी गेले, खिशातून चेंडू काढला, पाठ आणि खांब यांच्यामध्ये धरला आणि गुडघे वाकवून डोळे मिटले. वॉशर लांबून ओरडली, "काका, जोर नाही! धरून थांबा!"

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा काकू मागच्या खोलीत निखळलेली कडी हातात घेऊन उभ्या होत्या. काकांनी तिकडे न बघताच आनंदाने सांगायला सुरुवात केली, पास झाली म्हणून, बाई काय म्हणाल्या, सगळं. हात सवयीने डाव्या खांद्यावर गेला, चार बोटं मागे, अंगठा पुढे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांच्या कडा पुसल्या. मग म्हणाल्या, "अहो, आता माझं एक ऐकाल?"

आणि ही कडी कशी निखळली, त्याआधी दार कसं अडत होतं, त्याबद्दल मागच्या वर्षीच त्या काय म्हणाल्या होत्या, हे सगळं त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. अर्ध्यावर आल्यावर काकूंना दिसलं की काकांचा हात खाली आलाय, मान कललीय आणि खांदा सावकाश वर चढतोय.

"दुखेल हो," त्या म्हणाल्या. "दाबा तो."

"दाबतो नंतर," काका म्हणाले. "तू बोल. दार अडत होतं, मग?"